ताजा फेटा

आमच्या घरात सकाळ व्हायची ती फेट्याच्या आवाजानं. कापडाला कसला आलाय आवाज, असं कुणीही म्हणेल. पण खळ दिलेलं पांढरं कापड झटकलं की फडफडतं, आणि ती फडफड मला अंथरुणात ऐकू यायची. डोळे न उघडता सगळं दिसायचं. आबा, म्हणजे माझे वडील, ओसरीच्या खांबाला फेट्याचं एक टोक बांधून दुसरं हातात धरून अंगणात मागे मागे सरकत चाललेत, बोटांनी चुण्या जुळवतायत, आणि कापडाखालून शेळी बिनदिक्कत पलीकडे जातेय. फेटा डोक्यावर चढेपर्यंत मी परत गाढ झोपलेली असायचे. झोपेच्या बाबतीत माझा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. आई मला कुंभकर्णाची धाकटी बहीण म्हणायची.

आमचं गाव काष्टीच्या अलीकडे, बाजाराच्या रस्त्यापासून बरंच आत. फेटा तिथं सगळेच म्हातारे-कोतारे बांधत. पण लग्नात नवरदेवाला फेटा बांधायचा म्हटलं की आसपासच्या वाड्यांवरून आबांनाच बोलावणं यायचं. भावकीतल्या एकूण एक नवरदेवाच्या डोक्याला त्यांचा हात लागलेला होता. त्याबद्दल पंगतीत पहिला पाट मिळायचा, आणि तेवढ्यावर ते महिनाभर खूश असायचे.

त्यांचा एक नेम होता. रात्री फेटा सोडायचा, सकाळी नव्यानं बांधायचा. बाकीचे लोक एकदा बांधलेला फेटा खुंटीवर ठेवत आणि आठवडाभर तसाच डोक्यावर चढवत. आबांना त्याचा भारी तिटकारा. म्हणायचे, "शिळी भाकर चालंल, शिळा फेटा न्हाई. उतरून ठिवला की तो फेटा ऱ्हात न्हाई, टोपी व्हती त्याची." रोज एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं तर आपले पंजे पुढं करून दाखवायचे. "हात इसरत्यात, बाबा. डोस्क्याला एकदा सांगितलं की भागतं. हाताला रोज सांगावं लागतं."

मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं, तसे आबाही जात. एका दुपारी ते खडीच्या ढिगाशेजारी बसले ते उठलेच नाहीत. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. जीभ काही दिवसांनी वळायला लागली, पायही ओढत का होईना चालायला लागला. हात मात्र खांद्याला लटकून राहिला. नगरच्या डॉक्टरांनी रबराचा एक चेंडू दिला आणि सांगितलं, हा मुठीत धरून दिवसातून जमेल तितक्या वेळा दाबायचा. आबांनी घरी आल्या आल्या तो अंगणात भिरकावला. "मी काय तान्हं पोर हाय व्हय?" पुढं कितीतरी दिवस शेळीची करडं त्या चेंडूशी खेळत होती.

सगळ्यात वाईट वाटायचं ते त्यांचं डोकं बघून. आमच्याकडं बाप्या माणूस बोडका फिरतो तो घरात सुतक असलं तरच. आबांनी पहिल्यांदा डोक्याला टॉवेल गुंडाळून पाहिला. पारावर कुणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण त्या दिवसापासून त्यांनी पारावर जाणंच सोडलं. ओसरीवर भिंतीला टेकून बसायचे आणि अंगणातली ऊन-सावली बघत राहायचे. सकाळची फडफड बंद झाली. मला वाटलं होतं, आता निवांत झोपता येईल. तर उलटंच झालं, मला भल्या पहाटे जाग यायला लागली आणि काही ऐकू येत नाही म्हणून मी तशीच कान देऊन पडून राहायचे.

पाऊसपाणी झालं, बाजरी घरात आली, आणि थोरल्या भावाचं लग्न ठरलं. तो साखर कारखान्यात कारकून होता, डोक्याला तेल लावून भांग पाडायचा, टोपीसुद्धा घालायचा नाही. मुलगी देवळाली प्रवराकडची, पाटपाण्याच्या मुलखातली. उसाची माणसं ती, आमच्यासारखी आभाळाकडं डोळे लावून बसणारी नव्हेत. बोलणी करून आल्यावर जेवताना भाऊ सहज म्हणाला, "फेट्याचं काय येवढं आबा, तिकडचा कुनीबी बांधंल."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. "भावकीतल्या समद्या पोरांस्नी म्या बांधला. आन् माज्या पोराला परका मानूस बांधनार? मी तिथं बोडका बसून बघू? जावा, लगीन करून या. मी घर राखतो."

एकदा बोलले की बोलले, मागे फिरणं नाही, असा आमच्या आबांचा स्वभाव. बापाशिवाय पोरगा बोहल्यावर चढणार, या विचारानं आईनं त्या दिवशी चुलीपुढं बसून डोळ्याला पदर लावला. धूर झाला म्हणाली. चूल तर केव्हाच विझली होती.

पण माझी आई नुसती रडून थांबणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतून आबांचा पांढरा फेटा काढला, धुतला, खळ दिली, वाळवला आणि एक टोक खांबाला बांधून स्वतः चुण्या घालायला लागली. इतक्या वेड्यावाकड्या घातल्या की मलासुद्धा कळत होतं, ही मुद्दाम करतेय. आबांनी आधी तोंड फिरवलं. मग न राहवून वळून बघितलं. मग म्हणाले, "आगं, काय वाकळ शिवतीस का? सोड, सोड ते." आणि उठून डाव्या हातानं कापड धरलं. उजव्याची बोटं नुसती कापडावर टेकली. त्यांना चुणी धरवेना. पण ती कापडावर होती, हे आईनं पाहिलं.

मी शाळेतून आले तशी आईनं मला पाटावर बसवलं, आबांकडं पाठ करून. "शेपटा वर गुंडाळ. मोठ्या मानसायेवढं डोस्कं दिसू दे." माझीच निवड का झाली, याचं कारण आई सगळ्यांना सांगायची: बसल्या जागी झोपणारं दुसरं कुणी घरात नाही. खरं कारण मला नंतर उमजलं. पोराच्या डोक्यावर हात थरथरला असता तर आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पोरीच्या डोक्यावर काय, खेळ म्हणून खपून गेलं असतं.

फेटा बांधताना उजवा हात टोक दाबून धरतो आणि डावा वेढे घालतो. आबांच्या उजव्या हाताला कापड धरूनच ठेवता येईना. एक वेढा बसायचा, दुसरा यायच्या आत पहिला सुटायचा, आणि सगळं कापड माझ्या तोंडावरून खाली घसरायचं. मी मदतीला हात वर केला की मागून आवाज यायचा, "बोट लावू नगं." मग मी हात मांडीवर ठेवून बसायचे. परत पहिल्यापासून. परत तोंडावर कापड.

शेजारची काकू कुंपणावरून बघायची आणि म्हणायची, "चालू द्या, नव्याचे नऊ दिस." नऊ दिवस गेले, दिवाळी गेली, संक्रांत गेली. काकूलाही बघायचा कंटाळा आला. रोज मरे त्याला कोण रडे, तसं रोज पडणाऱ्या फेट्याकडं कोण बघणार? आम्ही दोघं मात्र बसतच राहिलो.

त्या दुपारी आता आठवल्या की त्या वेगवेगळ्या अशा आठवतच नाहीत. एकच लांबलचक दुपार आठवते. शाळेतून चालत आल्यामुळं पाय गरम झालेले, पाट गार. मागं आबांचा श्वास, तंबाखूच्या वासाचा. डोळ्यांवरून कापड उतरलं की बाहेरचं सगळं पांढरं व्हायचं. लिंबाचं झाड पांढरं, गोठा पांढरा, चालत जाणारी आई नुसती एक सावली. त्या पांढऱ्यात मला हमखास पेंग यायची. वाटायचं, मी उसाच्या चरख्याचा मधला खांब आहे, माझ्याभोवती बैल फिरतायत, संथ, आणि कुठंतरी रस गळतोय. कधी वाटायचं, माझ्या डोक्यावर कुणीतरी पाखराचं घरटं बांधतंय आणि मी हलले तर अंडी पडतील. शाळेतल्या भिंतीवर "प्रयत्नांती परमेश्वर" असं लिहिलेलं होतं. मला त्याचा अर्थ असा वाटायचा की प्रयत्न करता करता माणसाला झोप लागते आणि मग देव येऊन उरलेलं काम करून जातो.

झोपेतसुद्धा मला कळायचं, कापड कुठं आहे. पहिला वेढा उजव्या कानाच्या वर, दुसरा डाव्या भुवईवर तिरका, मग मानेमागं वळून खाली एक ओढ. ती ओढ नीट बसली की कपाळाला कसं गार आणि घट्ट वाटायचं. बसली नाही की मी झोपेतच समजून घ्यायचे, आता पडणार.

माघ-फाल्गुनाकडं असेल, आबांचं आणि आईचं लग्नाच्या तांदळावरून भांडण जुंपलं. आई म्हणाली, पाटपाण्याची माणसं आहेत, आपल्याकडं आली तर नावं ठेवतील, तांदूळ चांगला आणा. आबा म्हणाले, ती काय आभाळातून पडलीत का? आई म्हणाली, तुमच्यापुढं बोलून उपयोग नाही. आबा म्हणाले, तर मग बोलतीस कशाला? मी मधे बसलेली, अर्धवट पेंगत. भांडण चांगलं रंगलं होतं. आणि एकदम माझ्या कपाळाला ते गार, घट्ट लागलं. वेढ्यावर वेढा चढत गेला, कानामागं ओढ बसली, वर कुठंतरी टोक खोचलं गेलं, आणि भांडण थांबलं.

मागं वळून पाहिलं तर आबा आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा, असे. तोंड भांडत होतं तेवढ्यात हातानं आपलं काम उरकून घेतलं होतं. आई उठली. चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आरशाकडं धावले. मला गल्लीभर मिरवायचं होतं. आबांनी तिथंच थांबवलं, फेटा उलगडला आणि घडी केली. "उद्याला परत."

मला असा राग आला होता! इतक्या महिन्यांनी बसलेला फेटा कुणी लगेच सोडतं?

दुसऱ्या दिवशी बसला, तिसऱ्या दिवशी पडला, मग बसायलाच लागला. उन्हाळ्यापर्यंत वर पंख्यासारखा तुराही निघू लागला. तांदळाचं भांडण मात्र रोजचंच झालं. तांदूळ केव्हाच घरात येऊन पडला होता, तरी दोघं त्यावरून भांडत. लग्नाच्या आधी आबा भावाला म्हणाले, "मी येतो." बस्स, एवढंच. भाऊ त्यांच्या पाया पडला.

वऱ्हाड ट्रकमधून गेलं. नगर ओलांडलं, राहुरीकडं लागलो तशी दोन्ही बाजूंना उसाची हिरवी रानं सुरू झाली आणि ट्रकमधल्या सगळ्या बायका गप्प होऊन बघत बसल्या. तिकडं आम्हाला शाळेच्या इमारतीत उतरवलं होतं. नवरदेवाचा फेटा बांधायची वेळ झाली तेव्हा ती खोली दारापर्यंत भरली. नवरीकडची माणसं, आमची भावकी, खिडकीला लटकलेली पोरं. भाऊ खुर्चीवर बसला. आबांनी केशरी फेटा घेतला, चुण्या घातल्या, सुरेख घातल्या. टोक भावाच्या कानाशी लावलं.

आणि ते घसरलं.

आबांनी परत लावलं. परत घसरलं. उजवा हात थरथरायला लागला. खोलीत कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. नवरीचे चुलते पुढं आले आणि अगदी चांगल्या मनानं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हनं. आमच्याकडं मानूस हाय बांधनारा." आबांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. भाऊ खुर्चीत मान खाली घालून बसला होता. माझ्या मनात आलं, एवढ्या दुपारी गेल्या त्या कुठं गेल्या?

आबांनी भावाच्या डोक्यावरचं कापड काढून घेतलं. वाटलं, आता हे चुलत्यांच्या हातात देणार आणि ट्रकमध्ये जाऊन बसणार. पण ते खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "आमची पोरगी कुठाय?"

मी बायकांत होते, आयुष्यातलं पहिलं लुगडं नेसून. माणसांमधून मला पुढं ढकललं गेलं. आबांनी पायानं एक ट्रंक पुढं सरकवली. "बस." मी त्यांच्याकडं पाठ करून बसले. "शेपटा वर घे." आईनं सकाळी माळलेला अबोलीचा गजरा मी काढून मांडीवर ठेवला आणि वेणी डोक्यावर गुंडाळली. आता मात्र लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "नवरदेव बदलला वाटतं!" लाजेनं माझे कान तापले. मी डोळे मिटून घेतले.

मिटलेल्या डोळ्यांमागं आमची ओसरी होती. गार पाट, लिंबाची सावली. कापड कानाशी आलं, थरथरत होतं, आणि मागून आबांचा आवाज आला, जरा चढलेला: "आगं ए, तांदूळ किती आनला गं?"

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग बायकांमधून माझ्या आईचा खणखणीत आवाज आला, "तुमाला काय करायचंय तांदळाचं? कदी आनून दिला का धड?"

"मी न्हाई आनला, तर मंग तुज्या बापानं आनला?"

"माज्या बापाचं नाव काडायचं काम न्हाई!"

व्याही मंडळी अवाक झाली. भर लग्नात नवरदेवाचे आई-बाप तांदळावरून भांडतायत! चुलते मध्यस्थीला पुढं येऊ लागले. आणि माझ्या उजव्या कानावर पहिला वेढा बसला. डाव्या भुवईवर दुसरा. मानेमागं वळून ती खालची ओढ. कपाळ गार आणि घट्ट झालं, आणि मला भर माणसांत, खोटं कशाला सांगू, पेंग आली.

तुरा निघाला. आबांनी दोन्ही हातांनी तो फेटा माझ्या डोक्यावरून अलगद उचलला आणि भावाच्या डोक्यावर ठेवला. थोडा दाबावा लागला, मग ठीक बसला. मला आईचं ते "मोठ्या मानसायेवढं डोस्कं" आठवलं. आबा वाकून भावाच्या कानाशी म्हणाले, "शिळा हाय. पर आजच्या दिस चालवून घे." भाऊ माझ्यापेक्षा थोरला, कारखान्यातला कारकून, पण हमसून हमसून रडला.

बाहेर वाजंत्री सुरू झाली. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला न्यायचं होतं, माणसं दारातून भराभर बाहेर पडली. मी मांडीवरचा गजरा शोधत होते, तो कुणाच्या तरी पायाखाली गेला होता. वर पाहिलं तर आबा तिथंच उभे होते, बोडके. काखेत पांढरा फेटा घडी केलेला. तो त्यांनी आणला होता हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत त्यांचा उजवा हात पोचायला लागला होता. स्वतःच्या डोक्यापर्यंत तो कधीच पोचणार नव्हता.

ते ट्रंकेवर बसले, माझ्याकडं पाठ करून. "बांध."

"मला कुटं येतंय, आबा? म्या कदी बांधलाय?"

"येतंय तुला."

मी कापड घेतलं. माझ्या हातांना खरोखर काही येत नव्हतं. पण कुठं काय लागायला हवं ते माझ्या कपाळाला पाठ होतं. उजव्या कानाच्या वर. डाव्या भुवईवर तिरका. मानेमागून ओढ. आबांचं डोकं इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं, केस विरळ झालेले, आणि ते माझ्या हाताखाली होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मधेच आबांचा डावा हात चाचपायला वर आला.

"बोट लावू नगा," मी म्हणाले.

हात मुकाट्यानं मांडीवर गेला. थोड्या वेळानं बघितलं तर त्यांनी डोळे मिटले होते. बाहेरून हाका येत होत्या, नवरदेवाचा बाप कुठाय, घोडं खोळंबलंय. आम्ही उठलो नाही. तुरा काढायचा म्हणजे मला सात जन्म पुरले नसते, म्हणून टोक नुसतं खोचून दिलं. फेटा एका बाजूला कलला होता. तो तसाच कललेला घेऊन आबा मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं चालले, पाय ओढत, मान ताठ ठेवून.

नवरी घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा सगळं घर दमून आडवं झालं. मला जी झोप लागली ती विचारू नका. उन्हं अंगणात आली असतील नसतील, आणि झोपेत मला फडफड ऐकू आली. स्वप्न समजून मी कूस बदलली. फडफड जवळ आली, अगदी उशाशी. डोळे उघडले तर आबा उभे होते, बोडके, डाव्या हातात उलगडलेला पांढरा फेटा, आणि पायापाशी त्यांनी माझा पाट आणून ठेवलेला.

"ऊठ, बाय," ते म्हणाले. "कालचा शिळा झाला."